गोष्ट सांगायला निघालेल्या लेखकाचा माइक: शुअर एसएम ५८

१४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. या दिवसांत ठाणे आणि नवी मुंबईतल्या लेखकांना शाळा, ग्रंथालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्या आणि कट्टे यांची बोलावणी येतात. विषय ठरलेले असतात: मुलांना गोष्टी का सांगायच्या, शाळेच्या वेळापत्रकात नाटक, चित्र आणि गाण्याचा तास का टिकला पाहिजे, वाचनालय का चालवायचं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मागचा फ्लेक्स, चहा, सगळं वेळेवर येतं. माइकचं विचारलं की उत्तर मिळतं, "हॉलचाच आहे, चालू असतो."

हा चालू असलेला माइक पहिल्या तीन रांगांना पुरतो. पुढच्या रांगांत बसलेली माणसं आधीच आपली असतात, ती पुस्तकं विकत घेणारी असतात. कलेची बाजू ज्यांना पटवून द्यायची ते पालक दाराशी उभे असतात, विश्वस्त मागच्या खुर्चीत फोन पाहत असतात. गोष्ट त्यांच्या कानावर शब्दन्‌शब्द पडली नाही तर त्या संध्याकाळचा उपयोग फारसा नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की वर्षाला चार-पाच कार्यक्रम करणाऱ्या लेखकाने स्वतःचा माइक बाळगावा. बाजारात पर्याय भरपूर आहेत, पण या कामासाठी पहिला घ्यायचा तो वायरचा शुअर एसएम ५८. हे परीक्षण गाण्यासाठी नाही, फक्त बोलण्यासाठी, कथाकथनासाठी आणि व्याख्यानासाठी आहे.

वस्तू साधी आहे. डायनॅमिक जातीचा, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, हातात धरायचा माइक. १९६६ पासून बाजारात आहे आणि मूळ रचना फारशी बदललेली नाही. वजन २९८ ग्रॅम, लांबी १६२ मिलिमीटर. बॅटरी लागत नाही, मिक्सरवरून (आवाज एकत्र करून कमी-जास्त करायच्या यंत्रावरून) वीज द्यावी लागत नाही. मागे तीन पिनांचं एक्सएलआर, म्हणजे माइकच्या वायरीची गोल जोडणी. ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे जड सुरांपासून बारीक सुरांपर्यंतचा आवाज पकडतो, आणि व्यंजनं जिथे स्पष्ट होतात त्या वरच्या मध्यम पट्ट्यात थोडा उठाव देतो. पेटीत माइक, चेन असलेली पिशवी आणि स्टँडची क्लिप असते. क्लिपच्या बुडाशी एक छोटं धातूचं आट्यांचं कडं बसवलेलं असतं. ते हरवू देऊ नका. काही स्टँडचे आटे पाच-अष्टमांश इंचाचे असतात, काहींचे तीन-अष्टमांश, आणि ते कडं नसेल तर दुसऱ्या गावच्या स्टँडवर क्लिप बसतच नाही. केबल मात्र बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते.

याचा खरा गुण दिशेत आहे. समोरचं तो नीट ऐकतो, बाजूचं कमी आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या एखाद्या सोसायटीचं क्लबहाऊस डोळ्यांसमोर आणा: खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला पूर्ण काच, वर पीओपी. बोललेला शब्द भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. अशा जागी चारही बाजूंनी ऐकणारा माइक लावला तर खोलीच ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. एसएम ५८ तोंडाजवळ धरला की तोंडाचा आवाज खोलीच्या आवाजापेक्षा खूप वरचढ होतो आणि शब्द सुटे कळतात. यात जादू नाही, अंतर आणि दिशा एवढंच आहे. पण हेच अंतर पाळलं नाही तर हा माइकही काही करू शकत नाही.

तर धरायचा कसा, हे जरा तपशिलात सांगतो, कारण अर्धे लेखक इथेच चुकतात. मराठीत महाप्राण व्यंजनं पावलोपावली येतात. भाऊ, फाटक, भिंत, खिडकी, घर. स्वतःच्या तोंडासमोर तळहात धरून "फाटक" म्हणून पाहा, हवेचा झोत हाताला लागतो. हाच झोत जाळीवर सरळ आदळला की स्पीकरमधून "धप्प" येतं आणि ऐकणारा गोष्टीतून बाहेर पडतो. जाळीच्या आत फोम आहे, तो बराचसा झोत अडवतो, सगळा नाही. म्हणून माइक ओठांच्या सरळ समोर धरायचा नाही. तोंडाच्या कोपऱ्याशी, जरा तिरका, हनुवटीच्या उंचीवर. ओठ आणि जाळी यांत चार बोटं. हवा बाजूने निघून जाते, आवाज मात्र जाळीत जातो. चेहराही झाकला जात नाही, आणि कथाकथनात चेहरा झाकणं म्हणजे निम्मी गोष्ट झाकणं.

चार बोटांचं अंतर वाढून वीतभर झालं की आवाज पातळ होतो. ओठ जाळीला टेकले की उलट होतं: शंभर हर्ट्झच्या आसपासचा जड भाग सहा ते दहा डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) फुगतो आणि शब्द घोगरे होतात. हा दोष नाही, एका दिशेचं ऐकणाऱ्या बहुतेक माइकचा स्वभाव आहे, आणि गोष्ट सांगणाऱ्याला तो वापरता येतो. आजीची कुजबुज एका बोटाच्या अंतरावरून सांगा, ती शेवटच्या रांगेत कानाशी बोलल्यासारखी येते. पाटलाची आरोळी द्यायची असेल तेव्हा हात वीतभर मागे न्या. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले ते वेशभूषा, नेपथ्य असलं काही न वापरता. सगळं नाटक आवाजाच्या चढ-उतारात. आज हा चढ-उतार हॉलभर पोचवायचा तर माइक हातात हवा. तो टेबलावरच्या वाकड्या दांडीवर बसवलेला असेल तर तुम्ही मान हलवली की आवाज गेला.

एक चूक फार दिसते: जाळी मुठीत धरणं. गायकांचं पाहून सवय लागते. जाळीच्या मागच्या बाजूला हवा आत जायची वाट असते, माइकला दिशा कळते ती त्या वाटेमुळे. मुठीने ती बंद केली की माइक सगळीकडचं ऐकायला लागतो, स्पीकरचा आवाज पुन्हा त्यात शिरतो आणि तो शिट्टी मारतो. दांड्याच्या मध्यावर धरा, बोटं जाळीपासून लांब.

आता शांततेबद्दल, कारण कथाकथनाचा माइक तिथे पारखला जातो. गाण्यात मध्ये वाद्यं असतात, गोष्टीत मध्ये विराम असतो. "त्याने दार उघडलं" म्हणून तुम्ही थांबता, आणि त्या दोन सेकंदांत स्पीकरमधून "हंऽऽ" असा गुंजारव येत असेल तर विराम संपला. एसएम ५८ स्वतः गुणगुणत नाही. गुणगुण येते ती बहुतेक वेळा लॅपटॉपमुळे: स्लाइड दाखवायला लॅपटॉप एका भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या, आणि दोघांना जोडणारी आवाजाची वायर. दोन अर्थिंगमधला फरक त्या वायरीतून वाहतो आणि आपल्या विजेच्या ५० हर्ट्झचा सूर स्पीकरमध्ये लागतो. उपाय सोपा आहे. दोन्ही एकाच बोर्डवर लावा, किंवा कार्यक्रमापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. तरीही राहिली तर माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर टाकलेली नाही ना, ते पाहा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

सोसायट्यांत आणि छोट्या शाळांत गाठ पडते ती एक तर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरशी किंवा चाकांच्या कराओके स्पीकरशी. दोन्हीवर एक्सएलआरचं भोक असेलच असं नाही, पाव इंची जॅक मात्र हमखास असतो. म्हणून पिशवीत दोन केबल ठेवा: एक्सएलआर ते एक्सएलआर दहा मीटर, आणि एक्सएलआर ते पाव इंची जॅक पाच मीटर. जॅकवाली त्याहून लांब घेऊ नका, ती बाहेरची खरखर लवकर पकडते. मग नीट वाचून माइकच्या भोकातच लावा. "लाइन" किंवा "ऑक्स" लिहिलेल्या भोकात लावली तर आवाज मुंगीएवढा येतो, कारण ते भोक मोबाइल-लॅपटॉपच्या सिग्नलसाठी असतं आणि डायनॅमिक माइकचा सिग्नल त्याच्या शेकडो पटींनी लहान, एक-दोन मिलिव्होल्टचा. "तुमचा माइक खराब आहे" अशी तक्रार ऐकू आली तर आधी हे भोक तपासा. कराओके स्पीकरवर "इको" नावाचं बटण असतं, ते पूर्ण शून्यावर आणा. गाण्याला ते गोड लागतं, बोलण्याला ते मारक आहे. वाक्यातला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला तर कोणाला गोष्ट कळणार?

मिक्सर असेल तर शंभर हर्ट्झखालचं कापायचं बटण दाबा. पंख्याची घरघर, पावलांचा धक्का आणि हाताच्या पकडीचा आवाज त्यात निघून जातो, पुरुषाचा आवाजही बिघडत नाही. खोली बंद डब्यासारखी वाजत असेल तर तीनशे हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा. बेस वाढवा म्हणणारा कोणीतरी भेटतोच, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

पातळी ठरवायची रीत अशी. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून आवाज जाईल एवढ्या उंचीवर ठेवा. मागे ठेवला की शिट्टी ठरलेली. मग आवाज हळूहळू वाढवत न्या, शिट्टीची सुरुवात ऐकू आली की तिथून सहा डेसिबल खाली या. फुंकर मारून किंवा टकटक करून माइक तपासू नका, आणि "हॅलो, हॅलो, वन, टू" यातूनही काही कळत नाही. तुमच्या गोष्टीतलं सगळ्यात हळू वाक्य आणि सगळ्यात मोठं वाक्य म्हणा, आणि एका माणसाला शेवटच्या खुर्चीत बसवून विचारा. रिकाम्या हॉलमध्ये जे बरोबर वाटतं ते भरल्या हॉलमध्ये थोडं कमी पडतं, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषतात. तेवढी फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) जागा ठेवा.

कॉलर माइक का नको, असा प्रश्न येणारच. तो दिसायला सुटसुटीत असतो, हात मोकळे राहतात. पण तो तोंडापासून वीतभर लांब, छातीवर असतो आणि बहुतेक कॉलर माइक सगळीकडचं ऐकतात. काचेच्या क्लबहाऊसमध्ये तो पटकन शिट्टी मारतो, म्हणून आवाज वाढवताच येत नाही. साडीच्या पदराला लावला तर प्रत्येक हालचालीला सरसर, मंगळसूत्र लागलं की टकटक, आणि मान वळवली की शब्द गायब. चित्रीकरणाला तो उत्तम, सभेला नाही. गालावर बसणारा हेडसेट माइक मात्र खरोखर चांगला पर्याय आहे: अभिनयाने, दोन्ही हात वापरून गोष्ट सांगणाऱ्यांनी पुढे जाऊन तोच घ्यावा. चांगला हेडसेट आणि त्याचा ट्रान्समीटर यांचा खर्च या माइकच्या कितीतरी पट होतो, शिवाय बॅटरी सांभाळावी लागते. स्वस्त वायरलेस जोड्यांपैकी बऱ्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्याच लहरींवर वायफाय आणि ब्लूटूथही असतात, आणि भरलेल्या हॉलमध्ये दोनशे मोबाइल असतात. ऐन शेवटाला आवाज तुटण्याचं एक मोठं कारण ते आहे.

वाचून दाखवणाऱ्यांसाठी स्टँड आवश्यक. आडव्या दांडीचा घ्या, सरळ खांबाचा नको, कारण खांब आणि कागद एकाच जागेसाठी भांडतात. कागद छातीच्या उंचीवर धरा, मांडीवर किंवा खाली पोडियमवर नको. मान खाली गेली की आवाज जाळीच्या वरून जमिनीकडे जातो. पानं सुटी ठेवा, एका बाजूला छापलेली, आणि उलटण्याऐवजी सरकवा.

ठाण्यात उघड्यावरच्या कट्ट्यांची परंपरा आहे, घंटाळीच्या जिजामाता उद्यानात भरणारा अत्रे कट्टा सगळ्यांना माहीत आहे. उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे घुमत नाही, पण आवाज परतही येत नाही. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले. एक स्पीकर कर्कश वाढवण्यापेक्षा दोन मध्यम आवाजाचे स्पीकर दोन बाजूंना, श्रोत्यांच्या जवळ लावा. वाऱ्यासाठी जाळीवर बाहेरून स्पंजची टोपी घाला, आतला फोम वाऱ्याला पुरा पडत नाही. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते, आणि शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असू शकतो. हे आयोजकांनी पाहायचं, पण विचारून घेण्यात कमीपणा नाही.

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह अशा मोठ्या जागी ध्वनिव्यवस्था आणि ती चालवणारा माणूस असतो. तिथे स्वतःचा माइक नेण्याची गरज कमी, तरीही न्यावा, कारण हाताला आणि तोंडाला त्याचं अंतर बसलेलं असतं. अर्धा तास आधी जाऊन ऑपरेटरला भेटा, गोष्टीत कुठे कुजबुज आहे आणि कुठे ओरडणं आहे ते सांगा. नाही सांगितलं तर तो कुजबुजीला आवाज वाढवतो आणि पुढच्याच आरोळीला सगळे कानांवर हात ठेवतात.

शाळेत मुलांना प्रश्न विचारायला माइक द्याल तेव्हा तो मुलांच्या हातात देऊ नका. मूल पहिल्यांदा जाळीच पकडतं. तुम्ही दांडा धरा, मुलाच्या तोंडाशी न्या, मूल धीटपणे बोलतं आणि शिट्टीही येत नाही. सत्रानंतर जाळी पुसा.

उणिवा आहेतच. याला भरपूर गेन (अ‍ॅम्प्लिफायरने सिग्नल मोठा करणं) लागतो, त्यामुळे हलक्या अ‍ॅम्प्लिफायरवर मऊ आवाजाच्या माणसाला तो अपुरा वाटतो आणि सूं असा आवाज वाढतो. अशांनी सेनहायझर ई ८३५ ऐकून पाहावा, तो वरच्या पट्टीत जास्त उजळ आहे. पकडीचा आवाज थोडा येतो, अंगठी घातलेल्या हाताने दांड्यावर बोटं वाजवू नका. थेट मोबाइल किंवा लॅपटॉपला तो जोडता येत नाही, मध्ये ऑडिओ इंटरफेस (माइकचा सिग्नल कॉम्प्युटरला कळेल असा करणारी डबी) लागतो, म्हणून केवळ पॉडकास्टसाठी घेणार असाल तर हा तुमचा माइक नव्हे. आणि सध्या पैसेच नसतील तर बेहरिंगरचा एक्सएम ८५०० खूप स्वस्तात याच्या बऱ्यापैकी जवळ जातो, सराव त्याच्यावर करायला हरकत नाही.

किंमत दहा हजारांच्या आसपास, दुकानागणिक थोडी इकडे-तिकडे. निम्म्या किमतीत नवा मिळत असेल तर तो नकली समजा, या माइकच्या नकला भरपूर निघतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा: तीनशेच्या जवळ असायला हवा, नकली बहुधा हलका भरतो. मागच्या पिनांशेजारी १, २, ३ असे आकडे स्पष्ट असावेत, जाळी आट्यांवर न अडखळता फिरावी. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि जीएसटीचं बिल मागा, वॉरंटी त्यावरच आहे. दांड्यावर बटण असलेला एसएम ५८ एस प्रकारही मिळतो. व्याख्यात्याने बिनबटणाचाच घ्यावा, कारण बोलण्याच्या भरात अंगठ्याने बटण बंद होतं आणि आवाज गेल्याचं कळायला दोन वाक्यं जातात.

ठाण्याच्या पावसाळ्यात ओलसर फोमला वास येतो आणि बुरशी धरते. महिन्यातून एकदा जाळी फिरवून काढा, माइक बाजूला ठेवा, जाळी साध्या पाण्यात थेंबभर सौम्य साबण घालून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. ओली बसवली तर ओल आतल्या भागांपर्यंत पोचते. पिशवीत सिलिकाची पुडी टाका. माइक पडून जाळी चेपली तर घाबरू नका, जाळी वेगळी विकत मिळते.

मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून असलेल्या, १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन साहित्य संमेलनं भरवलेल्या आणि दर जानेवारीत म्हाळगी व्याख्यानमालेला गर्दी करणाऱ्या ठाणे शहरात ऐकणाऱ्यांची वाण नाही. निमंत्रण स्वीकारताना मानधनासोबत आयोजकांना हे चार प्रश्न लिहून पाठवा: हॉल केवढा, स्पीकर किती, माइकचं भोक कुठल्या जातीचं, आणि कार्यक्रमाआधी अर्धा तास हॉल मोकळा मिळेल का. उत्तरं आली की त्याप्रमाणे पिशवी भरा: माइक, क्लिप, दोन केबल, स्पंजची टोपी, आट्यांचं कडं आणि वायर जमिनीला चिकटवायला कापडी टेप, म्हणजे तुमच्याकडे चालत येणाऱ्या मुलांचे पाय अडकणार नाहीत.